मोटारीचे सावध सोबती

रेणापूर हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. उसाचा हंगाम सुरू झाला की या भागातील रस्त्यांवर उसाने लादलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची रीघ लागते. त्यांच्या जवळूनच मोटारी वेगाने धावत असतात. रात्रीच्या अंधारात एखादी दिवा नसलेली गाडी अकस्मात समोर आली, तर मोटारचालकावर कोणता प्रसंग ओढवेल?

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर तोडते. धोका डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारणपणे एक सेकंद जातो. तेवढ्यात मोटार २२ मीटर पुढे गेलेली असते! शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, तर चौपट होते.

अशा वेळी घाबरलेला चालक ब्रेक जोराने दाबतो. त्यामुळे चाके जागीच जखडतात, मोटार घसरू लागते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. हा अनर्थ टाळण्यासाठी ‘एबीएस’ नावाची योजना निघाली. प्रत्येक चाकाच्या गतीवर तिचे लक्ष असते. चाक जखडण्याच्या बेतात आले, की ती ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते व पुन्हा वाढवते. एका सेकंदात असे अनेकदा घडते. परिणामी चाक फिरत राहते आणि चालकाला मोटार वळवून अडथळा चुकविता येतो. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ही योजना सक्तीची झाली.

त्याच वर्षी १ जुलैपासून आणखी काही साधने आवश्यक ठरली. मोटारीचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर गेला, की इशारा वाजू लागतो. चालकाने पट्टा बांधला नसेल, तर त्याची आठवण करून दिली जाते. मोटार मागे घेताना वटवाघळाप्रमाणे ध्वनिलहरी सोडून मागील अडथळा ओळखला जातो. अंगणात मोटारीमागे खेळणारे लहान मूल चालकाला आरशात दिसत नाही. त्याचे प्राण या इशाऱ्याने वाचू शकतात. काही मोटारींत तर कॅमेरा व रडार पुढील वाट न्याहाळतात आणि टक्कर होण्याचा संभव दिसताच ब्रेक आपोआप लावतात.

तथापि ही साधने सर्वसमर्थ नाहीत. रस्त्यावरील पांढरे पट्टे पुसले गेले असतील, तर कॅमेऱ्याला मार्ग ओळखता येत नाही. धुके व चिखल त्याची दृष्टी अंध करतात. सैल खडीवर एबीएस असूनही मोटार थांबण्यास अधिक अंतर लागू शकते. ‘यंत्र सांभाळून घेईल’ अशा भरवशावर जो वेग वाढवितो, तो यंत्राने दिलेले संरक्षण स्वतःच्या हाताने घालवितो.

यंत्र हा चालकाचा सोबती होय. त्याचा धनी नव्हे. संयमित वेग, बांधलेला पट्टा आणि रस्त्यावर खिळलेली नजर यांना त्याची जोड मिळाली, तरच प्रवास सुखरूप होतो.