हजार गाण्यांमागचा हिशेब

घरगुती संगणकाचे दिवस भरले, असं २००१ च्या सुरुवातीला बरेच जण म्हणत होते. विक्री मंदावली होती, इंटरनेट कंपन्यांचे शेअर गडगडले होते. नेमक्या त्याच वेळी, ९ जानेवारीला, सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी अगदी उलटं मांडलं. संगणकाचे दोन काळ होऊन गेले, पहिला कामकाजाचा आणि दुसरा इंटरनेटचा. आता तिसरा सुरू होतोय. कॅमेरा, कॅमकॉर्डर, एमपी३ प्लेअर अशी जी जी यंत्रं हाती येताहेत, त्या सगळ्यांचं केंद्र घरचा संगणक असेल.

ऐकायला ही जाहिरातच वाटते. पण तिच्या पोटातली गंमत पाहायला कागद-पेन्सिल पुरते.

चार मिनिटांचं एक गाणं घ्या. सीडीसाठी आवाजाची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. डाव्या कानासाठी वेगळी, उजव्यासाठी वेगळी. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं. गुणाकार करा : सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. चार मिनिटांचे झाले सुमारे ४२ मेगाबाइट. फोटोचंही तसंच. १६०० बाय १२०० च्या चित्रात १९ लाख २० हजार ठिपके, आणि दर ठिपक्याला लाल, हिरव्या, निळ्याचा एकेक आकडा. तबकडी, फिल्म आणि फीत यांची दुकानंसुद्धा पिढ्यानपिढ्या वेगळी होती. आता तिन्हींची जात एकच झाली, आकड्यांची. आणि आकडे कोळून प्यायलेलं यंत्र तर पत्रं टाइप करायला म्हणून आधीच घरात येऊन बसलं होतं!

पण हा ढीग खिशात मावायचा कसा? इथे आपल्या कानाची एक खोड कामाला येते. मोठा सूर वाजत असताना त्याच्या लगतच्या पट्टीतला बारीक सूर कानाला कळतच नाही. मोठा आवाज थांबल्यावरही क्षणभर कान बधिरच असतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खोड हेरून एमपी३ घडवलं. गाण्याचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येकात कानाला काय कळणार नाही ते ताडायचं, आणि तिथे आकडे खर्च करण्यात हात आखडता घ्यायचा. या युक्तीची परीक्षा ब्रांडेनबुर्ग यांनी गायिका सुझॅन वेगा यांच्या ‘टॉम्स डायनर’ या गाण्यावर घेतली. साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. त्यामुळे जरा चूक झाली की लगेच कानाला खुपते.

खरी मेख पुढे आहे. हे ताडण्याचं काम जड, पण तयार फाइल वाजवणं त्या मानाने हलकं. म्हणजे घाम गाळायचा टेबलावरच्या संगणकाने आणि गायचं खिशातल्या डबीने. २३ ऑक्टोबर २००१ ला जाहीर झालेला आयपॉड याच वाटणीवर उभा होता. आत १.८ इंची, ५ जीबीची हार्ड डिस्क. सेकंदाला १६० किलोबिट धरले, तर आपलं चार मिनिटांचं गाणं ४.८ मेगाबाइटमध्ये बसतं, आणि हजार गाणी ४.८ जीबीत. सीडीतल्यासारखी जशीच्या तशी भरली असती, तर जेमतेम ११८ मावली असती. गाण्यांच्या याद्या लावणं, नावं दुरुस्त करणं ही उस्तवार संगणकावरच्या आयट्यून्सकडे. म्हणून तर त्या डबीचं एका चाकावर आणि चार-पाच बटणांवर भागलं. जोडायची वायरही तशीच दमदार. तेव्हाचं यूएसबी सेकंदाला १२ मेगाबिट वाहून न्यायचं, आयपॉडची ही फायरवायर ४००.

आपल्याकडे आयपॉड फार थोड्यांच्या हाती आला. पण पुढे मोबाइल आले तशी हीच रचना चौकाचौकात दिसू लागली. ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशी पाटी, आत एक संगणक, एक कार्ड रीडर, आणि अभंगांपासून लावण्यांपर्यंत सगळं फोल्डरांत लावून ठेवलेलं. एका घराचं केंद्र अख्ख्या पेठेचं झालं. गाण्याच्या हक्कांचं काय, हे मात्र सहसा कुणी विचारत नसे.

मग ६ जून २०११ ला जॉब्ज यांनीच आयक्लाउड जाहीर करताना संगणकाला केंद्रपदावरून खाली उतरवलं. फोन, टॅबलेट आणि संगणक या तिघांचा मेळ वायरी लावून घालत बसणं लोकांना जाच वाटू लागलं होतं. वाटणी मात्र तीच राहिली. खिशातलं यंत्र आता बरंच हुशार झालंय, तरी जड कामं आजही दुसरीकडे होतात. फक्त ते ‘दुसरीकडे’ टेबलावरून उठून दूरच्या डेटा सेंटरात गेलं. टेबलावरचा संगणक वीज गेली की बंद पडायचा खरा, पण इंटरनेट नसलं तरी आपली गाणी आणि फोटो आपल्याच डिस्कवर असायचे. आज वर्गणी थकली की गाणं थांबतं. म्हणून ठेवणीतल्या फोटोंची एक प्रत घरच्या डिस्कवर असू द्यावी. केंद्रपद गेलं, तरी तेवढं काम संगणक आजही चोख करतो.