काचबिंदू : व्याख्या आणि गणना

काचबिंदूचे रुग्ण किती, हे काचबिंदू कशास म्हणावे यावर ठरते. केवळ नेत्रगोलातील दाब मोजला, तर दाब प्राकृत असूनही दृष्टिनाडी क्षीण होत असलेले रुग्ण निसटतात. म्हणून २००२ मध्ये सर्वेक्षणांसाठी मांडलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत दृष्टिनाडीची विकृती व दृष्टिक्षेत्राची हानी यांना प्राधान्य मिळाले.

रुग्णालयातील नोंदींत केवळ आलेलेच मोजले जातात. न आलेल्यांसाठी गावी जावे लागते. २००६ ते २००८ मध्ये नागपूरनजीकच्या आठ गावांत तीस वर्षे व त्यापुढील ४,७११ जणांची नेत्रतपासणी झाली, ती याच हेतूने. दक्षिण तामिळनाडूतील अशाच सर्वेक्षणात चाळीस व त्यापुढील वयाच्या ५,१५० व्यक्तींत २.६ टक्के काचबिंदूग्रस्त आढळले. बहुतेकांचे निदान पूर्वी झालेलेच नव्हते.

काचबिंदूस आपण सुश्रुतोक्त अधिमंथ म्हणतो. परंतु अधिमंथात तीव्र वेदना असते, तर या रुग्णांपैकी अनेकांस वेदनाच नसते. वेदनेची वाट पाहणे म्हणजे दृष्टी गमावणे. गेलेली दृष्टी परतत नाही.

म्हणून छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे आम्ही चाळिशीपुढील रुग्णांस, विशेषतः कुटुंबात काचबिंदू असल्यास, नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिनाडीच्या तपासणीसाठी पाठवितो. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी नेत्रदाब वाढू शकतो. औषधविक्रेत्या बंधूंनी ते चिठ्ठीविना देऊ नयेत, ही विनंती.