प्रभागाची यादी आणि नागरिकाचा हक्क

शिंदखेडा नगरपंचायतीसारख्या लहान स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत आपले नाव कोणत्या दप्तरात नोंदले जाते, हे ज्ञात नसल्यामुळे कित्येक नागरिक ऐन मतदानाच्या दिवशी आपल्या हक्कास मुकतात, ही गोष्ट खेदजनक आहे. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेत असला, तरी मतदारांची स्वतंत्र नोंदणी तो करीत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागवार विभागली जाते. म्हणून अठरा वर्षे पूर्ण केलेल्या रहिवाशाने नमुना क्रमांक ६ चा अर्ज भरून, वय व वास्तव्याच्या पुराव्यांसह, तहसील कचेरीत किंवा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे वेळेवर दाखल केला पाहिजे. प्रभागांची प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेले असल्यास विहित मुदतीत हरकत घेता येते. मात्र विधानसभेच्या यादीत मुळातच नसलेले नाव त्या वेळी समाविष्ट होत नाही.

नगरपंचायतीत प्रत्येक प्रभागातून एकच सदस्य निवडला जातो आणि नगराध्यक्षही थेट जनतेकडून निवडावयाचा असल्यास मतदाराला दोन मते द्यावी लागतात. पाणी, गटार, दिवाबत्ती यांचा कारभार ज्यांच्या हाती सोपवावयाचा, त्यांची निवड करण्याचे हे कर्तव्य यादी तपासण्यापासूनच सुरू होते. तेथे हयगय करणे म्हणजे आपल्याच गावाच्या कारभारातील आपला वाटा सोडून देणे होय.