उरल्यासुरल्या रंगात गाडी

गॅरेजात तळाशी उरलेले डबे एकत्र करण्याआधी त्यांची जात पाहा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट थिनर उडून वाळतो, टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन) हार्डनरशी रासायनिक क्रिया होऊन. दोन्ही एका भांड्यात नकोत. गाडीवर थिनरचं फडकं घासा. रंग फडक्याला लागला, तर तो बहुधा एनसी. त्यावर थेट टू-के मारला की खालचा थर सुरकुतू शकतो.

हार्डनर मात्र नवाच आणा. उघड्या डब्यात हवेतली ओल शिरून तो बिघडतो. सगळा रंग एकदमच कालवून गाळून घ्या, तीच छटा पुन्हा जुळणं कठीण. (बरेच रंग मिसळले की मातकट करडाच हाती येतो!) टू-केतल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, तिथे कापडी मास्क कुचकामी. आरसीवर रंगाची नोंद असते, तेव्हा रंग बदलल्यास आरटीओत कळवा.