विंचवाचं विष आणि सोडियमचं दार

नैसर्गिक विषांवरचं संशोधन म्हटलं की साप, कोळी, कण्हेर, धोत्रा, बुरशी, जिवाणू अशी यादी सुरू होते, आणि ती एका व्याख्यानात संपायची नाही. म्हणून आज आपण ओळखीचा एकच प्राणी धरून चालू या, कोकणातला लाल विंचू. वाटेत एक वनस्पती आणि एक मासा भेटेल, त्यांच्याकडेही डोकावू. प्रश्न मात्र एकच ठेवू: विष शरीरात नेमकं कुठे जाऊन लागतं, आणि ते कळल्यावर रुग्णासाठी काय बदलतं?

विंचू खरं तर चावत नाही, नांगी मारतो. पण आपल्या बोलण्यात तो चावतोच, तर आपणही तसंच म्हणू.

१९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेली माणसं येत, त्यांत लहान मुलं बरीच. त्या काळी गंभीर झालेल्या रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत असत. वैद्यकाच्या पुस्तकांत या विंचवाबद्दल फारसं काही नव्हतं. दिलेलं होतं ते बहुतेक वेदनेबद्दल. पण माणसं वेदनेनं मरत नव्हती.

मग ती मरत कशानं होती? बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली. काही रुग्णांत एक चित्र पुन्हा पुन्हा दिसत होतं. आधी ओकारी, दरदरून घाम, तोंडातून लाळ. मग हातपाय थंडगार. रक्तदाब चढतो, नाडी पळू लागते. काही तासांनी धाप लागते, खोकल्याबरोबर गुलाबीसर फेस येतो. म्हणजे फुप्फुसांत पाणी भरलं. हे हृदय थकल्याचं लक्षण आहे. आणि गंमत, गंमत कसली म्हणायची, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ज्यांना चावलेल्या जागी प्रचंड ठणका होता आणि बाकी काही नव्हतं, ते सहसा वाचत. ओकारी आणि घाम सुरू झाला की धोका. ही निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

आता विष काय करतं ते पाहू. आपला प्रत्येक मज्जातंतू म्हणजे विजेची तार असं आपण शाळेत शिकलो. ती वीज तांब्याच्या तारेतल्यासारखी वाहत नाही. तंतूच्या पडद्यावर प्रथिनांची बारीक दारं असतात. दार उघडतं, बाहेरचं सोडियम आत घुसतं, आणि एका मिलिसेकंदाच्या आसपास दार आपोआप लागतं. पुढचं दार उघडतं, ते लागतं, त्यापुढचं उघडतं. संदेश असा पुढे सरकतो. यात उघडण्याइतकंच लागणंही महत्त्वाचं. दार लागलं नाही तर तंतूला गप्प बसताच येत नाही.

लाल विंचवाच्या विषातली काही छोटी प्रथिनं नेमकं हेच करतात, दारात पाय अडकवून ठेवतात. मज्जातंतू थांबेनासे होतात. आपल्या इच्छेवर न चालणारी जी मज्जासंस्था आहे, घाम, लाळ, नाडी, रक्तवाहिन्या सांभाळणारी, ती सगळी एकदम पेटते. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रीनल ग्रंथी रक्तात ॲड्रीनलिन ओततात. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय थंड. आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा हरतो, आणि पाणी मागे फुप्फुसांत साचतं.

म्हणजे विंचवाचं विष हृदयाला मारतं, तर बरंचसं आपल्याच ॲड्रीनलिनच्या हातून. ही गोष्ट समजायला सोपी आहे, पण तिनं उपचार उलटेपालटे केले. विषावर औषध शोधायचं की वादळावर? वादळावरचं औषध तर दुकानात होतंच! प्राझोसिन, वाढलेल्या रक्तदाबाची साधी गोळी. रक्तवाहिनीवर ज्या जागी ॲड्रीनलिन बसून तिला आवळतं, ती जागा ही गोळी अडवते. नळ्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. बावस्करांनी हा उपचार वापरला, १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच त्याबद्दल लिहिलं, आणि वेळेत पोहोचलेल्या रुग्णांमधले मृत्यू पुढे एक टक्क्याच्या घरात आले. गोळी तोंडानं घ्यायची, खेड्यातल्या केंद्रातही देता येते. अतिदक्षता विभाग लागतोच असं नाही. आम्हाला या कामातला सर्वांत मोठा भाग हा वाटतो, ‘लॅन्सेट’पेक्षाही. (ही गोळी घरी मात्र घ्यायची नाही. रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाला आडवं ठेवूनच देतात.)

मग प्रतिविषाचं काय? मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांपासून लाल विंचवाचं प्रतिविष तयार होऊ लागलं. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतं. पण सुटून गेलेलं ॲड्रीनलिन ते परत आणू शकत नाही. म्हणजे एक चोराला धरणारं, दुसरं चोरानं लावलेली आग विझवणारं. दोन्ही दिली तर? बावस्कर पतिपत्नींनी ७० रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. २०११ साली ‘बीएमजे’मध्ये निकाल आला. दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले होते, नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. इथे लोक घाईनं ‘मग प्राझोसिन कमी पडलं’ असा अर्थ काढतात. तसं नाही. प्राझोसिनवरचे रुग्णही बरे झाले, त्यांना वेळ जास्त लागला. जिथे प्रतिविष नाही, तिथे गोळी अजूनही जीव वाचवते.

आता त्या सोडियमच्या दाराकडे परत येऊ, कारण तिथे येणारा विंचू एकटा नाही.

हिमालयात उगवणारा बचनाग घ्या. त्याच्या मुळातलं ॲकोनिटिन हेच दार उघडं ठेवतं. बांधणी विंचवाच्या प्रथिनाहून अगदी वेगळी, दारावर बसायची जागा वेगळी, पण परिणाम त्याच घराण्यातला: हृदयाचा ठोका चुकतो. आयुर्वेदात बचनाग वापरतात, तापावरच्या त्रिभुवनकीर्तीत तो असतो, पण शोधन केल्याशिवाय नाही. गोमूत्रात किंवा दुधात उकळण्याच्या या जुन्या रीतीचा रसायनशास्त्रानं लागणारा अर्थ असा की उकळल्यावर ॲकोनिटिनचा रेणू तुटतो आणि उरणारे तुकडे पुष्कळ कमी विषारी असतात. शोधन अर्धवट झालं तर काय, हे वेगळं सांगायला नको.

आणि केंड मासा. मालवणकडच्या कोळ्यांना माहीत आहे, हा फुगतो आणि जाळी कुरतडतो. या जातीच्या अनेक माशांत टेट्रोडोटॉक्सिन असतं, आणि ते बरोबर उलटं करतं: दार बाहेरून बुजवून टाकतं. संदेशच जात नाही, ओठ बधिर होतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हे विष मासा स्वतः बनवत नाही. ते जिवाणूंपासून खाण्याच्या साखळीतून त्याच्यात साचतं. विष नसलेल्या खाद्यावर वाढवलेले असे मासे बिनविषारी निघतात. मग मासा स्वतः कसा मरत नाही? त्याच्या दारातल्या विष बसायच्या जागी प्रथिनाची कडी किंचित बदललेली असते.

एक दार अडवतो, एक बुजवतो. संशोधकांना यापेक्षा चांगली हत्यारं कोणी दिली नसती. सोडियमचं हे दार नेमकं कोणतं प्रथिन, हे सापडलं तेच मुळी विषांच्या मदतीनं. १९८० मध्ये अमेरिकेत विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेनं विंचवाच्या विषावर खूण बांधली, ते दाराला चिकटलं, आणि खुणेवरून दाराचं प्रथिन ओळखलं. आपल्या लाल विंचवानंही यात भर घातली आहे. १९९० मध्ये त्याच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन नावाचं ३७ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन वेगळं काढलं गेलं. ते पोटॅशियमचं एक विशिष्ट दार बंद करतं, आणि रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा ते वापरतात.

हे ऐकलं की कोणीतरी मोबाइल पुढे करतं: विंचवाचं विष लिटरला अमुक कोटी! एका विंचवाकडून एका वेळी मिलिग्रॅमच्या आसपास विष निघतं, लिटर भरायला किती विंचू लागतील ते तुम्हीच मोजा. शुद्ध केलेल्या, तपासलेल्या प्रथिनाची ती किंमत असते. बरणीत विंचू गोळा करणाऱ्याला कोणी पैसे देत नाही, आणि नांगी मात्र नक्की मिळते.

शेवटी श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न: मोठा काळा विंचू, आपण ज्याला इंगळी म्हणतो, तो जास्त विषारी नाही का? नाही. तो दिसतो भयंकर, पण त्याचा भर जाडजूड पकडींवर. लाल विंचवाच्या पकडी बारीक असतात, म्हणून तो भक्ष्य विषानं लोळवतो. साधारण खूण अशी: पकडी जाड आणि शेपूट बारीक तर विष सौम्य, पकडी बारीक आणि शेपूट जाड तर जपून. पण चावल्यावर खूण तपासत बसू नका. चावलेल्या जागी कापू नका, मांत्रिकाकडे तास घालवू नका. ओकारी आणि घाम दिसला की गाडी काढा, आणि नसला दिसला तरी काढा.