पीआर नवऱ्याचं नसतं

बेंगळुरूच्या राजाजीनगरात मराठी घरं आजची नाहीत. १९४६ साली शहरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि नोकरीच्या मागे आलेली कुटुंबं या भागात रुजली. किर्लोस्करांच्या कारखान्याच्या जमिनीवर आता ओरायन मॉल आहे, आणि त्या पिढीची नातवंडं टोरांटो, ब्रॅम्प्टन, कॅलगरीला पोचली आहेत. तिकडे एखाद्या जोडप्याचं फाटलं की इकडच्या घरात पहिली काळजी लेकीच्या मनाची असते, आणि दुसरी, जवळजवळ त्याच श्वासात, पीआरची, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या दर्जाची. लग्न मोडलं म्हणजे तिला परत यावं लागणार, हे कुणाला विचारून ठरवलेलं नसतं. सगळ्यांनी ते धरूनच चाललेलं असतं. ‘सिटिझनशिप होईपर्यंत सोस’ हा सल्ला तिथूनच येतो. तो प्रेमापोटी दिलेला असतो यात शंका नाही. पण तो चुकीच्या माहितीवर उभा आहे, आणि त्या माहितीपायी बायका मार खात राहतात. दुसरीकडे, पीआर खरोखर ज्यामुळे जाऊ शकतं त्या गोष्टी याच घरांमधून निर्धास्तपणे केल्या जातात.

कॅनडाचा सध्याचा इमिग्रेशन कायदा २००१ साली मंजूर झाला आणि २८ जून २००२ पासून लागू आहे. पीआर कशाकशाने संपतं हे त्याच्या ४६व्या कलमात सांगितलं आहे. यादी छोटी आहे: नागरिकत्व मिळालं, वास्तव्याची अट पाळली नाही असा अंतिम निर्णय झाला, देशाबाहेर काढण्याचा आदेश अमलात आला, निर्वासित म्हणून मिळालेलं संरक्षण रद्द ठरलं, किंवा माणसाने स्वतः अर्ज करून पीआर सोडून दिलं. घटस्फोट या यादीत नाही, वेगळं राहणंही नाही. एक्स्प्रेस एंट्रीने, म्हणजे गुण मोजून निवड करणाऱ्या मार्गाने, गेलेल्या कुटुंबात अर्ज एकच असतो आणि प्रमुख अर्जदारही एकच, त्यामुळे ज्याच्या गुणांवर अर्ज मंजूर झाला त्याच्या मालकीचं पीआर आणि बाकीचे त्याच्या आधाराने आलेले, अशी समजूत होते. प्रत्यक्षात मंजुरीनंतर नवरा, बायको, मूल प्रत्येकाला स्वतंत्र पीआर मिळतं. ते एकदा मिळालं की कायद्याच्या नजरेत ती तीन वेगळी माणसं. एकाच्या दुसऱ्याशी बिनसण्याने तिसऱ्याचंच काय, दोघांपैकी कुणाचंही पीआर जात नाही.

मग ही समजूत आली कुठून? ती अगदी हवेतून आलेली नाही. २५ ऑक्टोबर २०१२ पासून कॅनडाने एक अट घातली होती: जोडीदाराने स्पॉन्सर केलेल्या व्यक्तीचं नातं दोन वर्षांचं किंवा त्याहून कमी असेल आणि दोघांना मूल नसेल, तर पीआर मिळाल्यावर दोन वर्षं एकत्र राहिलंच पाहिजे. छळ होत असेल तर सूट होती, पण ज्यांना ती हवी होती त्यांनाच बऱ्याचदा तिची माहिती नसायची. छळ सोसणाऱ्या व्यक्तीला हीच अट घरात डांबून ठेवते, ही टीका अखेर सरकारने मान्य केली आणि एप्रिल २०१७मध्ये अट काढून टाकली. कायदा बदलला, पण नात्यागोत्यात फिरणारी माहिती २०१२ सालीच थांबली. त्यात अमेरिकेची भर पडते. तिथे १९८६च्या कायद्यापासून, ग्रीन कार्ड मिळतेवेळी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर लग्नावर आधारलेलं कार्ड दोन वर्षांपुरतं आणि सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा असतो. पण तिथेही घटस्फोट झाला म्हणजे सारं संपलं असं नाही. लग्न प्रामाणिकपणे केलं होतं हे दाखवून एकटीलाही तो अर्ज करता येतो. नोकरीच्या मार्गाने नवऱ्याबरोबर मिळालेल्या ग्रीन कार्डाला तर ही अटच नसते. खरी अडचण एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या बाईची. तिचा व्हिसा नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला टांगलेला असतो आणि घटस्फोटाचा हुकूम झाला की तो आधार जातो. ती मुळात कायम रहिवासी झालेलीच नसते. राजाजीनगरच्या घरातल्या बोलण्यात मात्र एच-४, ग्रीन कार्ड आणि कॅनडाचं पीआर या तिन्हींची एकच भाजी होते, आणि न्यू जर्सीच्या एच-४वालीवर आलेली वेळ ब्रॅम्प्टनच्या पीआरवालीवरही येणार असं धरलं जातं.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. वर्षभरात लग्न मोडलं तर सरकार ते खोटं होतं असं म्हणणार नाही का? म्हणू शकतं. कॅनडाच्या नियमांत, मुख्यतः इमिग्रेशनचा लाभ मिळवण्यासाठी केलेलं किंवा खरं नसलेलं लग्न ग्राह्य धरलं जात नाही. आणि खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून पीआर मिळवल्याचं सिद्ध झालं तर देशाबाहेर जावं लागतं आणि पाच वर्षं प्रवेशबंदी होते. पण इथे तपासला जातो तो लग्नाच्या वेळचा हेतू आणि त्या वेळी सांगितलेल्या गोष्टींचा खरेपणा. प्रामाणिकपणे केलेलं लग्नही टिकत नाही, हे अधिकाऱ्यांना नव्याने सांगावं लागत नाही. एकत्र राहिल्याचा भाडेकरार, जोडखातं, दोन्हीकडच्या नातेवाइकांबरोबरचे फोटो, एकमेकांना पाठवलेले मेसेज हा सगळा पुरावा लग्न मोडल्यावरही पुरावाच असतो. रागाच्या भरात हे सगळं डिलीट करून टाकणाऱ्यांना म्हणून आवर्जून सांगावंसं वाटतं: फोटो पुसू नका.

खरा धोका पीआर मिळण्यापूर्वी असतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अर्ज चालू असताना जोडपं वेगळं झालं तर ते कळवणं बंधनकारक आहे. पीआरचा व्हिसा हातात आल्यानंतर आणि कॅनडात उतरण्याआधी लग्न झालं किंवा मोडलं, तर तेही विमानतळावरच्या तपासणीत सांगावं लागतं. नेमकं इथेच घरचे म्हणतात, ‘एवढं लँडिंग होऊ दे, मग बघू.’ लपवलेली ही गोष्ट अनेक वर्षांनी, नागरिकत्वाच्या किंवा नव्या जोडीदाराच्या अर्जाच्या वेळी, कागदांतल्या तारखांवरून उघडी पडू शकते, आणि मग प्रश्न लग्न मोडल्याचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो. मुलांच्या बाबतीतली चूक याहून जिव्हारी लागते. घटस्फोटित आई किंवा बाप पीआरसाठी अर्ज करतो, मूल दुसऱ्या पालकाकडे असतं, म्हणून त्याचं नावच लिहिलं जात नाही. नियम असा की ताबा कुणाकडेही असो, मूल जाहीर करायचं आणि त्याची तपासणी होऊ द्यायची. नाहीतर पुढे कौटुंबिक वर्गातून त्याला बोलावण्याचा मार्ग सहसा बंद होतो.

स्पॉन्सर करणाऱ्या नवऱ्याची ‘तुझं पीआर रद्द करून टाकीन’ ही धमकी यातल्या एकाच टप्प्यावर खरी ठरू शकते. पीआर मिळायच्या आधी त्याला आपला अर्ज मागे घेता येतो. त्या अवस्थेत अडकलेल्या, छळ सोसणाऱ्या व्यक्तीसाठी कॅनडाने जुलै २०१९पासून एक तात्पुरता परवाना ठेवला आहे. त्याला शुल्क नाही आणि तो किमान सहा महिन्यांचा असतो. पीआर मिळाल्यानंतर मात्र रद्द करण्याचा अधिकार नवऱ्याकडे नसतो. उलट बांधलेला असतो तोच. जोडीदाराला स्पॉन्सर करताना त्याने सरकारला लिहून दिलेली हमी पीआरच्या दिवसापासून तीन वर्षं चालते आणि घटस्फोटाने संपत नाही. त्या काळात तिने सरकारी निर्वाहभत्ता घेतला तर ती रक्कम सरकार त्याच्याकडून मागू शकतं. तिच्यावरही एक बंधन आहे: स्पॉन्सर होऊन आलेल्या व्यक्तीला पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं नव्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येत नाही. पासपोर्ट आणि पीआर कार्ड नवऱ्याने काढून घेतलं तरी हातातून गेलेला असतो तो प्लास्टिकचा तुकडा, दर्जा नव्हे. कार्डाची मुदत संपली म्हणूनही दर्जा संपत नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. लग्न मोडल्यावर लेक मुलाला घेऊन माहेरी येते. यात काही चूक नाही. आधाराची गरज असताना माणूस आपल्या घरीच येणार. पण कॅनडाची वास्तव्याची अट पाच वर्षांत ७३० दिवसांची आहे, म्हणजे बाहेर राहायला मिळतात ते साधारण १,०९५ दिवस. ऐकायला हे तीन वर्षं म्हणून भरपूर वाटतात. प्रत्यक्षात पहिले सहा महिने सावरण्यात जातात, मग मुलाला जवळच्या शाळेत घातलं की त्याचं वर्ष मोडवत नाही, मग वडिलांचं आजारपण, मग कोर्टाच्या तारखा. बेंगळुरूच्या फॅमिली कोर्टात पोटगीचा किंवा ताब्याचा वाद एकदा सुरू झाला की दिवस कसे जातात ते कळत नाही. त्यात लग्न टिकून असताना मिळणारी एक सवलतही आता गेलेली असते. नवरा कॅनडाचा नागरिक असेल तर त्याच्याबरोबर परदेशात राहिलेले दिवस कॅनडात राहिल्यासारखे मोजले जातात, पण त्यासाठी दोघं एकत्र राहत असावे लागतात. वेगळं झाल्याचा पीआरवर होणारा थेट परिणाम तो हा, आणि नेमका हाच कुणी सांगत नाही. मुलाचा हिशोबही वेगळा करावा लागतो. कॅनडात जन्मलेलं मूल सहसा जन्मानेच नागरिक असतं, त्याला ही चिंता नाही. पण भारतात जन्मून पीआर मिळालेल्या मुलाचे दिवस आईच्या बरोबरीनेच संपत जातात. बाप टोरांटोत नागरिक होऊन बसला असला तरी त्या नात्याने राजाजीनगरातले दिवस जमेला धरता येत नाहीत.

यावर म्हटलं जाईल की अशा परिस्थितीत सरकार दयामाया दाखवेलच. कायद्यात तशी जागा आहे: दिवस कमी पडले तरी मानवी कारणं आणि संबंधित मुलाचं हित पाहून अधिकारी दर्जा कायम ठेवू शकतो. पण तो त्याचा विवेकाधिकार आहे, आपला हक्क नाही, आणि त्यासाठी कागद लागतात: डॉक्टरांचे, पोलिसांत दिलेल्या तक्रारीचे, कोर्टाच्या आदेशांचे, परत जायचा प्रयत्न केल्याचे. अनेकांकडे यातलं काहीच नसतं, कारण ‘दर्जा तर गेलाच’ असं समजून कुणी काही जपून ठेवलेलंच नसतं. दिवस शिल्लक असतानाच मोजणी करावी, आणि पैसे मोजून सल्ला घ्यायचा तर तो कॅनडातल्या वकिलाचा किंवा परवानाधारक सल्लागाराचा घ्यावा. विद्यार्थी व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या एजंटचं हे काम नव्हे.

घटस्फोट कुठे घ्यायचा हा प्रश्न पीआरपासून वेगळा आहे, पण तो त्यात मिसळला जातो. कॅनडात घटस्फोट मागायला दोघांपैकी एकाचं त्या प्रांतात किमान वर्षभर वास्तव्य लागतं, आणि वर्षभर वेगळं राहणं हेही घटस्फोटाचं पुरेसं कारण असतं. तो हुकूम भारतात आपोआप चालतोच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वाय. नरसिंह राव खटल्यात, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात नवऱ्याने मिळवलेला घटस्फोट मानायला नकार दिला आणि तत्त्व घालून दिलं: परदेशी हुकूम सामान्यतः तेव्हाच मान्य, जेव्हा त्याचं कारण त्या लग्नाला लागू असलेल्या भारतीय कायद्यात बसतं आणि दुसरी बाजू तिथे खरोखर हजर झाली होती किंवा तिने संमती दिली होती. उलट बाजूने, दोघंही टोरांटोत राहत असताना बेंगळुरूत परस्परसंमतीने घेतलेला घटस्फोट कॅनडातही बिनबोभाट मानला जाईल असं गृहीत धरू नये. तिथला कायदा, अर्जापूर्वी वर्षभर दोघांपैकी कुणीतरी भारतात राहत होतं का हे बघतो. तसं नसेल तर भारताशी खरा आणि भक्कम संबंध होता हे दाखवावं लागतं. या गुंत्याने दुसरं लग्न अडू शकतं, मालमत्तेचा वाद वाढू शकतो. पीआर मात्र त्यापासून दूर राहतं. कॅनडात राहणाऱ्यांनी करखात्याला कळवायला मात्र विसरू नये: नव्वद दिवस वेगळं राहिल्यावर वैवाहिक स्थिती बदलल्याची नोंद तिथे करावी लागते आणि मुलांचा भत्ता त्यानुसार नव्याने ठरतो.

परदेशी कायदे निष्ठुर असतात असं म्हणताना आपला कायदाही पाहावा. भारतीयाशी लग्न केल्यामुळे परदेशी व्यक्तीला मिळालेलं ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड, ते लग्न न्यायालयाने मोडलं तर, केंद्र सरकार रद्द करू शकतं. नागरिकत्व कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. लग्नाच्या धाग्याने बांधलेला दर्जा म्हणतात तो हा. कॅनडाचं पीआर त्या जातीचं नाही.

वास्तव्याचे दिवस कमी पडून कॅनडाला परतण्यासाठीची प्रवासाची कागदपत्रं नाकारली गेली, तरीही ‘दर्जा गेला’ म्हणणं घाईचं असतं. नकाराचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत इमिग्रेशनच्या अपील विभागाकडे दाद मागता येते, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत पीआर शाबूत असतं. गेल्या ३६५ दिवसांत एकदा जरी ती व्यक्ती कॅनडात गेलेली असेल, तर सुनावणीसाठी परत जायला प्रवासाचा कागदही मिळू शकतो. राजाजीनगरच्या पत्त्यावर असं पत्र आलं, तर घरच्यांनी सगळ्यात आधी बघायची ती त्यावरची तारीख.