डोळ्यांतले पाणी आणि बाजारातले थेंब

डोळ्यांतून सारखे पाणी गळते म्हणून एखादे गृहस्थ नेत्रतज्ज्ञाकडे जातात आणि डॉक्टर तपासून सांगतात, "तुमचे डोळे कोरडे आहेत." गृहस्थ चकित होतात. रुमाल भिजेपर्यंत पाणी पुसायचे आणि वर डोळे कोरडे म्हणवून घ्यायचे! पण डॉक्टरांचे म्हणणे बरोबर असू शकते. ते कसे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे थेंबांच्या कोणत्या बाटलीला हात लावावा आणि कोणत्या बाटलीपासून दूर राहावे, हेही समजायला जड जात नाही.

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे, बरं का. आपल्या बुबुळावर नेहमी एक पातळ ओला पापुद्रा पसरलेला असतो. त्यात तळाशी चिकट द्रव्य असते, ते पाण्याला बुबुळावर धरून ठेवते. मध्ये खारट पाणी, आणि सर्वांत वर तेलाचा अगदी तलम थर. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून झिरपते. 1666 साली हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने या ग्रंथींचे वर्णन केले, म्हणून आजही त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. लोणच्याच्या बरणीत वर तेल तरंगते ठेवतात ना, तसेच हे. तिथे तेल हवेला आत येऊ देत नाही. इथे ते पाण्याला उडून जाऊ देत नाही.

आता हे तेल कमी पडले, किंवा घट्ट होऊन ग्रंथीतच अडकले, तर काय होईल? पापणी उघडल्यावर काही सेकंदांतच पापुद्रा जागोजागी फाटतो, बुबुळ उघडे पडते, डोळ्यात वाळू गेल्यासारखी खुपते. ती चुरचुर मेंदूला कळते आणि अश्रूंच्या मोठ्या ग्रंथीला हुकूम सुटतो, सोडा पाणी! पाणी येते ते लोंढ्याने येते, पण त्याला तेलाची जोड नसते. ते टिकत नाही, गालावरून ओघळून जाते. रुमाल ओला आणि डोळा कोरडा, तो असा.

काहींच्या बाबतीत पाणीच मुळात कमी सुटते. ते मोजायची युक्ती ऑटो शिर्मर या नेत्रतज्ज्ञाने 1903 साली सांगितली. टीपकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि 5 मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचे. 5 मिलिमीटरही भिजली नाही तर पाणी फारच कमी समजावे. अशा माणसाचे तोंडही कोरडे पडत असेल, सांधे दुखत असतील, तर हे दुखणे एकट्या डोळ्याचे नसण्याचा संभव असतो. डॉक्टरांना तेही आवर्जून सांगावे. सर्दी-ॲलर्जीच्या आणि मन शांत ठेवण्याच्या काही गोळ्यांनीही अश्रू आटतात. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, नुसत्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि मोबाइल! एरवी आपण मिनिटाला सुमारे 15 वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हा आकडा निम्म्याहून खाली येतो, आणि मिटते तीही अर्धवट. पापणी पुरती मिटली की ग्रंथींवर दाब पडून तेल बाहेर येते. अर्धी मिटली तर ते काम होत नाही. म्हणून वाचता वाचता मधूनच डोळे सावकाश, घट्ट न आवळता, पूर्ण मिटावेत. संगणकाचा पडदा नजरेच्या थोडा खाली असावा. म्हणजे डोळा कमी उघडा राहतो.

आता थेंबांकडे वळू. औषधाच्या दुकानात जाऊन "डोळ्यांत घालायला काहीतरी द्या" असे म्हणण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ती सवय घातक आहे, असे मी स्पष्टच म्हणतो. डोळ्यांचे थेंब सगळे एक नसतात. ओलावा देणारे थेंब निराळे. त्यांच्या बाटलीवर कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायल्युरोनेट अशी नावे असतात. डोळ्यांची लाली घालवणारे थेंब निराळे. ते रक्तवाहिन्या आवळतात, डोळा तासभर पांढराशुभ्र दिसतो आणि असर उतरला की पहिल्यापेक्षा लाल होतो. तिसरे स्टेरॉइडचे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते गुणकारी ठरतात, पण शेजाऱ्याला बरे वाटले म्हणून महिनोन्‌महिने घातले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आणि गंमत अशी, की घालणाऱ्याला त्या काळात डोळा छान वाटत असतो!

ओलावा देणाऱ्या थेंबांतही एक मेख आहे. ते बाटलीत नासू नयेत म्हणून पुष्कळदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड घातलेले असते, आणि तेच वारंवार पोटात जाणाऱ्या कडू काढ्याप्रमाणे डोळ्याला बाधते. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर ते नसलेली बाटली किंवा एका वेळेपुरती छोटी कुपी मागावी. महाग पडते, हे खरे.

घालावा एकच थेंब. डोळ्यात मावते ते सुमारे 30 मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरच्या शंभराव्या भागाची तिप्पट; बाटलीचा एक थेंबच तेवढा किंवा त्याहून मोठा असतो. दुसरा थेंब गालाचा. खालची पापणी ओढून झोळी करावी, थेंब टाकून डोळा मिनिटभर हलकेच मिटावा. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. 2023 साली अमेरिकेत जंतू शिरलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांमुळे 81 जणांना संसर्ग झाला, काहींची दृष्टी गेली आणि चौघे दगावले. ते थेंब आपल्या भारतातच तयार झाले होते. तिथे दोष वापरणाऱ्यांचा नव्हता, पण निर्जंतुक बाटली आपल्या बोटांनी आपण घरीही बिघडवू शकतो. बाटली उघडल्याची तारीख वर लिहावी आणि वेष्टनावर निराळे सांगितले नसेल तर महिन्याने टाकून द्यावी. गुलाबपाणी, मध, दूध डोळ्यात नको.

तेल घट्ट झाले असेल त्याला शेक बरा. सोसेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ फडके पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे धरावे. फडके लगेच निवते, म्हणून पुन्हा पुन्हा बुडवायला कंटाळू नये.

राहिला वारा. विदर्भातला मे महिना, मुंबईच्या कचेरीतला एअरकंडिशनर आणि रात्रभर डोक्यावर गरगरणारा पंखा, तिघेही पापुद्रा वाळवतात. कूलरची हवा दमट असली तरी झोत तोंडावर घेऊ नये. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली असावी. साधा चष्मा किंवा काळा गॉगल ऊन अडवतो, वारा बाजूच्या फटींतून आत शिरतोच. कानशिलापर्यंत वळलेला, चेहऱ्याला बेताने चिकटून बसणारा गॉगल घ्यावा. मळणीच्या धुळीतही तोच उपयोगी. दुखणे जुने असेल तर कडेला पडदी असलेले चष्मे मिळतात, ते डोळ्याभोवतीचा ओलावा राखतात. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर मात्र यासाठी पैसे घालू नयेत.

डोळा ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, नजर अंधुक होऊन पापणी मिटल्यावरही साफ होत नसेल, तर थेंबांचे प्रयोग न करता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. लहान मुलाचे डोळे कोरडे दिसू लागले आणि संध्याकाळी ते चाचपडू लागले, तर ते जीवनसत्त्व अ कमी पडल्याचे लक्षण असू शकते. तिथे बाजारातला थेंब कामाचा नाही, मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे.